डुकराची लाळ, नाक आणि गर्भाशय : एका लिपोकॅलिन जनुकाची तीन कामे

जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे डेव्हिड बेनेट यांच्या छातीत डुकराचे हृदय बसवण्यात आले आणि मार्च २०२४ मध्ये बॉस्टन येथे रिचर्ड स्लेमन यांना डुकराचे मूत्रपिंड देण्यात आले. पहिल्या डुकरात १० जनुकीय बदल केलेले होते, दुसऱ्यात ६९. तेव्हापासून डुकराची जनुके हा विषय प्रयोगशाळेबाहेर चर्चेत आला आणि त्याबरोबर एक जुना गैरसमजही नव्याने रुजला. ‘अमुक रोगाचे जनुक’, ‘तमुक गुणाचे जनुक’ असे मथळे वाचून वाचकाची अशी समजूत होते की प्रत्येक जनुकाला एकेक काम वाटून दिलेले आहे आणि ते जनुक काढले की ते काम बंद पडते. ही समजूत कोठे तोकडी पडते हे पाहायचे असेल तर अवयवरोपणातील गुंतागुंतीच्या बदलांपेक्षा एखादे लहानसे, साधे जनुक हाती घेतलेले बरे. डुकराच्या लाळेत प्रथम सापडलेले ‘सॅल-१’ हे लिपोकॅलिन कुळातील, म्हणजे तेलकट रेणू वाहून नेणाऱ्या प्रथिनांच्या कुळातील जनुक त्यासाठी फार सोयीचे आहे.

फोडणीचा वास आणि ओले नाक

हिंग-मोहरीची फोडणी आपण तेलात करतो, पाण्यात करत नाही. वास आणि चव देणारे बरेचसे रेणू तेलात सहज उतरतात, पाण्यात मात्र उतरत नाहीत, हे त्यामागचे कारण आहे. स्वयंपाकघरात ही सोय असते. प्राण्याच्या शरीरात मात्र तीच अडचण होते, कारण लाळ, अश्रू, रक्त आणि नाकातला शेंबूड या साऱ्यांचा मोठा भाग पाणी आहे. तेलप्रिय रेणूला या पाण्यातून प्रवास करायचा असेल तर त्याला वाहन लागते.

नर डुकराचा वास हे याचे ठळक उदाहरण आहे. १९४४ मध्ये झुरिच येथे व्लादिमिर प्रेलॉग आणि लिओपोल्ड रुझिका यांनी डुकराच्या वृषणांपासून कस्तुरीसारखा वास असलेली दोन संयुगे वेगळी केली. ती अँड्रोस्टेनॉलची दोन रूपे होती; अँड्रोस्टेनोन हे त्यांचेच जवळचे भावंड. अँड्रोस्टेनॉल आणि अँड्रोस्टेनोन दोन्ही स्टेरॉइड आहेत, म्हणजे शरीरात कोलेस्टेरॉलपासून बनणारे, चार जोडवलयांचे, तेलप्रिय रेणू. ते वृषणांत तयार होतात, रक्तातून फिरतात, काही चरबीत मुरतात आणि काही जबड्याखालच्या लाळग्रंथीत साठतात. माजावर आलेली मादी समोर आली की नर जबडा सतत चावत राहतो आणि त्याच्या तोंडाभोवती लाळेचा पांढरा, दाट फेस जमतो. मादी त्या फेसाजवळ नाक नेते. ती खरोखर माजावर असेल तर कान ताठ करून जागच्या जागी खिळून उभी राहते. पाठीवर दोन्ही हातांनी जोर दिला तरी हलत नाही. कृत्रिम रेतनाची वेळ ठरवताना पाठ दाबून पाहण्याची जी रीत आहे, ती याच स्तब्धतेवर आधारलेली आहे.

एका प्राण्याने बाहेर टाकलेल्या आणि त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्याच्या वागण्यात बदल घडवणाऱ्या अशा रसायनाला फेरोमोन म्हणतात. आता प्रश्न असा की हे तेलप्रिय फेरोमोन पाणीदार लाळेत इतक्या प्रमाणात टिकून राहते कसे?

बांबूच्या कणगीसारखे प्रथिन

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. ही माळ सरळ राहत नाही, ती ठरावीक घड्या घेते आणि त्या घडीवरच प्रथिनाचे काम अवलंबून असते. लिपोकॅलिन कुळातील प्रथिनांची घडी पाहताना मला धान्य साठवायची कणगी आठवते. बांबूच्या पट्ट्या शेजारी शेजारी विणून जशी गोल, पोकळ कणगी तयार होते, तशा माळेच्या आठ पट्ट्या एकमेकींना बिलगून एक नळकांडे तयार करतात. त्याचे एक तोंड उघडे असते, दुसरे बऱ्यापैकी बंद. कणगी आतून शेणाने सारवतात. या रेणवी कणगीला आतून तेलप्रिय अमिनो आम्लांचे अस्तर असते. बाहेरची बाजू पाण्याला मानवणारी असते. त्यामुळे आत तेलकट ऐवज आणि बाहेर पाणी, अशी व्यवस्था आपोआप साधते.

लिपोकॅलिन हे नाव १९८७ मध्ये सुचवले गेले. ग्रीक भाषेत ‘लिपोस’ म्हणजे चरबी आणि ‘कॅलिक्स’ म्हणजे पेला. तेव्हा नावाचा अर्थ सरळच ‘चरबीचा पेला’ असा होतो. या कुळातील दोन प्रथिनांच्या माळा शेजारी ठेवल्या तर पाचातले एक अमिनो आम्लही जुळेलच असे नाही, तरी घडी मात्र तीच. बांबू वेगळ्या बेटांतला, विणकर वेगळे, पण कणगी ओळखू येते, तसे हे आहे. माळेच्या सुरुवातीजवळ ग्लायसिन, मग कोणतेही एक अमिनो आम्ल आणि मग ट्रिप्टोफॅन, ही तीन मण्यांची खूण बहुतेकांत आढळते. हे ट्रिप्टोफॅन नळकांड्याच्या बुडाशी बसते.

या कुळाशी आपला परिचय नाही असे वाटत असेल तर कोळंबी आठवावी. कच्ची कोळंबी करडी-निळसर दिसते आणि तव्यावर पडताच नारिंगी होते. तिच्या कवचातले नारिंगी रंगद्रव्य क्रस्टासायनिन नावाच्या लिपोकॅलिनने धरून ठेवलेले असते आणि त्या पकडीमुळे त्याचा रंग निळसर भासतो. उष्णतेने प्रथिनाची घडी मोडली की रंगद्रव्य मोकळे होऊन मूळ रंगात दिसू लागते. गाईच्या दुधातील बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हेही लिपोकॅलिनच. ते डुकरिणीच्या दुधातही असते, मानवी दुधात नसते. अनेकांना कुत्र्यामुळे जी अॅलर्जी होते तिच्यामागचे एक प्रमुख प्रथिन याच कुळातले आहे. मूत्रपिंडाला इजा झाली की लघवीत वाढणारे आणि म्हणून रुग्णालयांत मोजले जाणारे ‘एनजीएएल’ हेही त्याच कुळातले. ते जिवाणूंचे लोह पकडणारे रेणू आपल्या पोकळीत अडकवते आणि त्यांची उपासमार करते.

जनुक तुटक का असते?

जनुक म्हणजे डीएनएवरील असा मजकूर, ज्यावरून बहुधा एखादे प्रथिन घडते. हा मजकूर सलग नसतो. त्यात प्रथिनाचा संदेश देणारे तुकडे असतात, त्यांना एक्झॉन म्हणतात, आणि मधले तुकडे असतात, त्यांना इंट्रॉन म्हणतात. कीर्तनात बुवा अभंगाचा एक चरण म्हणतात, मग त्यावर बराच वेळ निरूपण चालते, मग पुढचा चरण येतो. घरी गेल्यावर कोणी फक्त चरण जोडून लिहून काढले तर सलग अभंग हाती येतो. पेशीही तेच करते: पूर्ण मजकुराची आरएनए प्रत काढते, इंट्रॉन छाटते आणि एक्झॉन जोडून प्रथिन घडवणाऱ्या यंत्रणेकडे पाठवते. निरूपण वाया गेले असे कोणी म्हणत नाही. इंट्रॉनही अगदीच निरुपयोगी नसतात, त्यांत कधी कधी जनुक केव्हा चालू करायचे याच्या खुणा दडलेल्या असतात.

लिपोकॅलिन कुळाची ओळख पटवण्यासाठी ही तुटक रचना फार उपयोगी पडते. अश्रूंत आणि जिभेच्या मागील भागातील फॉन एब्नर ग्रंथींत मिळणारे ‘एलसीएन१’ हे मानवी जनुक पाहा. त्यात ७ एक्झॉन आणि ६ इंट्रॉन आहेत. १९९७ मध्ये डुकराच्या याच जनुकाची रचना आणि मांडणीही प्रसिद्ध झाली. प्रथिनांच्या माळा कितीही बदलल्या तरी मजकूर कोणत्या जागी तुटतो हे या कुळात बरेचसे जपले गेले आहे. मुले-नातवंडे चेहऱ्याने वेगळी झाली तरी घराची विभागणी, ओटी, माजघर, परसदार, जुन्याच क्रमाने राहावी, तसे. माणसात या कुळातील बरीच जनुके ९ व्या गुणसूत्राच्या टोकाजवळ एकमेकांना लागून आहेत. एका मूळ जनुकाच्या प्रती निघत गेल्या आणि प्रत्येक प्रत हळूहळू वेगळी होत गेली, याची ही खूण आहे.

लाळेतले प्रथिन जवळून पाहताना

सॅल-१ चे प्रथिन १९९८ ते २००२ या काळात इटलीतील पिसा आणि फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांमुळे नीट उलगडले. पेशीतून बाहेर पडताना पत्त्याच्या चिठ्ठीसारखा सुरुवातीचा तुकडा गळून पडतो आणि उरलेल्या पक्व माळेत १६८ अमिनो आम्ले राहतात. माळेवर साखरेची साखळी जोडता येईल अशा तीन जागा आहेत, प्रत्यक्षात एकाच जागी ती जोडलेली आढळते. गंधक असलेली चार सिस्टीन अमिनो आम्ले आहेत. त्यांपैकी दोन एकमेकांशी बांधलेली असतात आणि दोन मोकळी. एकाच नराच्या लाळेत प्रथिनाची दोन रूपे मिळाली, त्यांत फक्त तीन अमिनो आम्लांचा फरक होता.

पोकळीत खरोखर फेरोमोन बसते का, हे पाहण्याची युक्ती मला विशेष आवडते. प्रथिनाच्या पोकळीत शिरले की चमकणारे एक रसायन आधी भरायचे आणि मग त्यात अँड्रोस्टेनोन घालायचे. फेरोमोन आत शिरले की चमकणारा रेणू बाहेर ढकलला जातो आणि उजेड मंदावतो. उजेड किती मंदावला यावरून पकड किती घट्ट आहे ते कळते. सॅल-१ च्या बाबतीत उजेड मंदावला. तो केवळ फेरोमोननेच नव्हे, तर इतर अनेक गंधरेणूंनीही मंदावला. म्हणजे ही कणगी एकाच धान्यासाठी नाही. मापात बसेल आणि तेलप्रिय असेल असे बरेच काही ती सामावून घेते.

नराच्या लाळेत हे प्रथिन दोन कामे करते असे दिसते. ते ग्रंथीत फेरोमोनचा साठा धरून ठेवते आणि फेस हवेत आल्यावर तो सावकाश सोडते. अत्तराच्या फायाला वास जसा तासन्तास राहतो, तसा.

तेच प्रथिन नाकात

येथवरची हकिगत वाचून कोणी म्हणेल की मग हे ‘नराच्या वासाचे जनुक’ झाले. २००१ मध्ये डुकराच्या नाकाच्या आतल्या अस्तराचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा हा निष्कर्ष उलटला. लाळेत केवळ नरांकडे असलेले सॅल-१ नाकात नर आणि मादी दोघांकडेही मिळाले. त्याच्या जोडीला गंध धरणारी आणखी लिपोकॅलिने तेथे होती.

नाकात त्याचे काम उलट दिशेचे आहे. लाळेत ते वास बाहेर नेते, नाकात बाहेरून आलेला वास श्लेष्माच्या पाणीदार थरातून चेतापेशींपर्यंत पोहोचवण्यास मदत करते. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा डबा एकाच साच्यातला आहे.

नाकातील या वाहकांचा शोध कसा लागला हेही सांगण्यासारखे आहे. १९८२ मध्ये पिसा येथे पाओलो पेलोसी आणि त्यांचे सहकारी गाईच्या नाकातील ऊतीत ढोबळी मिरचीच्या वासाचा रेणू कशाला चिकटतो ते शोधत होते. एक प्रथिन सापडले आणि त्यांनी त्याला वासाचा ग्राहक, म्हणजे वास ‘वाचणारे’ प्रथिन मानले. पुढे स्पष्ट झाले की ते वाचणारे नसून वाहणारे आहे. वास वाचणाऱ्या ग्राहकांचे जनुककुळ लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी १९९१ मध्ये उजेडात आणले आणि त्याबद्दल त्यांना २००४ चे नोबेल मिळाले. पोस्टमन आणि पत्र वाचणारा यांत पहिल्यांदा गल्लत होणे स्वाभाविक होते, कारण पत्र दोघांच्याही हातात असते.

बाराव्या दिवशी गर्भाशयात

तिसरी जागा सर्वांत अनपेक्षित आहे. डुकरीण सुमारे ११४ दिवस गाभण असते; तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असा तिचा तोंडी हिशेब सांगतात. पहिल्या काही दिवसांत भ्रूण गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेला नसतो. तो आतल्या द्रवात तरंगत असतो आणि गर्भाशयाच्या ग्रंथींतून पाझरणाऱ्या पोषक द्रवावर जगतो. साधारण बाराव्या दिवशी एक विलक्षण गोष्ट घडते: सुमारे एक सेंटिमीटरचा गोलसर भ्रूण थोड्या तासांत ताणला जाऊन दहा सेंटिमीटरपेक्षा लांब, दोऱ्यासारखा होतो. त्याच सुमारास तो इस्ट्रोजेन आणि इंटरल्युकिन-१ बीटा नावाचे संदेशरेणू सोडून ‘मी आलो आहे’ असे मादीच्या शरीराला कळवतो.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण कोरियातील संशोधनात असे दिसले की नेमक्या याच काळात गर्भाशयाच्या ग्रंथींत सॅल-१ चालू होते आणि ते चालू करणारा संकेत भ्रूणाच्या त्या इंटरल्युकिनचा असतो. येथे नराच्या फेरोमोनचा काहीच संबंध नाही. ताणत चाललेल्या भ्रूणाला नव्या पेशींच्या आवरणांसाठी चरबीयुक्त रेणू लागतात आणि ते पाणीदार द्रवातून पोहोचवायला कणगी लागते, हाच त्याचा सर्वांत पटण्याजोगा अर्थ आहे.

जनुक तेच, मजकूर तोच. बदलतो तो संकेत. प्रत्येक जनुकाच्या आधी डीएनएचा एक पट्टा असतो. पेशीत उपलब्ध असलेली नियामक प्रथिने त्यावर बसली की जनुक चालू होते. लाळग्रंथीत, नाकात आणि गर्भाशयात ही नियामक प्रथिने वेगळी असतात. शिवाय प्रथिन तयार झाल्यावरही प्रत्येक ऊती त्यावर आपापली कलाकुसर करू शकते. डुकराच्या नाकातील गंधवाहक प्रथिनांवर फॉस्फेटचे गट जोडलेली रूपे मिळतात हे २००९ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी दाखवले. ‘सॅल’ हे नाव लाळेवरून पडले ते केवळ तेथे ते आधी सापडले म्हणून. कोणी आधी गर्भाशयात पाहिले असते तर आज त्याचे नाव आणि कदाचित त्याविषयीचे मथळेही निराळे असते.

मग बाटलीतला फवारा कसा चालतो?

वाचकाच्या मनात येणारी पहिली शंका रास्त आहे. मादी माजावर आहे का हे तपासण्यासाठी अँड्रोस्टेनोनचा फवारा विकत मिळतो आणि त्यात कोणतेही लिपोकॅलिन नसते. तरी तो काम करतो. मग या प्रथिनाची गरज काय? उत्तर वर येऊन गेले आहे. फवाऱ्यातील बारीक थेंब पाठवण्याचे काम करतात, पण घेण्याची व्यवस्था मादीच्या नाकात आधीच आहे. शिवाय फवाऱ्याने सगळ्याच माद्या स्तब्ध होत नाहीत. प्रत्यक्ष नर समोर असला, म्हणजे त्याचा वास, आवाज, रूप आणि स्पर्श एकत्र असले की प्रतिसाद अधिक खात्रीचा मिळतो.

जनुक काढले तर मांसाचा वास जाईल का?

युरोपात हा प्रश्न व्यवहाराचा आहे. वयात आलेल्या नराच्या चरबीत अँड्रोस्टेनोन आणि आतड्यात तयार होणारे स्कॅटोल साठते आणि मांस शिजवताना उग्र वास येतो. तो टाळण्यासाठी लहानपणीच नर पिलांचे खच्चीकरण करण्याची प्रथा आहे. भूल न देता ते करण्यास जर्मनीने जानेवारी २०२१ पासून बंदी घातली आणि फ्रान्सने २०२२ पासून. तेव्हा कोणाला वाटेल की सॅल-१ च काढून टाकावे. पण सॅल-१ फेरोमोन तयार करत नाही, फक्त धरते. वृषणांतील उत्पादन चालूच राहील आणि चरबीत मुरणेही. वर नाक आणि गर्भाशय या दोन ठिकाणच्या कामांशी खेळ होईल तो वेगळाच. कणगी फोडल्याने शेतातले पीक थांबत नाही.

जमिनीखालची ट्रफल ही महागडी बुरशी डुकरीण हुंगून काढते ती तिच्यातील अँड्रोस्टेनॉलमुळे, असेही नेहमी वाचायला मिळते. ट्रफलमध्ये तो रेणू असतो हे १९८१ मध्ये दाखवले गेले होते हे खरे. पण १९९० मधील प्रयोगांत डुकरे आकर्षित झाली ती डायमिथाइल सल्फाइडच्या वासाने. रंजक गोष्ट मात्र पहिलीच सांगितली जाते.

आणि माणसाचे काय?

‘फेरोमोनयुक्त’ म्हणून अँड्रोस्टेनोन घातलेली अत्तरे विकली जातात. माणसात असे एकही फेरोमोन निर्विवाद सिद्ध झालेले नाही, तेव्हा त्या पैशात साधे मोगऱ्याचे अत्तर घ्यावे हे बरे. माणसाच्या नाकातही गंधवाहक लिपोकॅलिने आहेत, परंतु अँड्रोस्टेनोनचा वास कोणाला कसा लागतो हे बऱ्याच अंशी दुसऱ्याच एका जनुकावर, ‘ओआर७डी४’ या ग्राहकाच्या जनुकावर ठरते, असे २००७ मध्ये आढळले. त्यामुळे एकाच रेणूचा वास एकाला शिळ्या मुतासारखा उग्र वाटतो, दुसऱ्याला चंदन किंवा व्हॅनिलासारखा गोडसर, आणि तिसरा तीच कुपी नाकाला लावून विचारतो की हिच्यात काही भरले आहे का.